तपकिरी

साकोर्डा मागे पडलं की कामिल दिवे खाली वळवतो.
मी मांडीवर वही उघडते:
किलोमीटर, वेळ, जात, लांबी, जिवंत आहे का.
शेवटचा रकाना हात आधीच भरायला निघतो,
त्याला थांबवावं लागतं.

पाऊस जाऊन आठ-दहा दिवस झाले.
डांबराने दिवसभराचं ऊन पोटाशी धरलंय
आणि थंड रक्ताच्या जिवाला ऊब म्हणजे ऊब,
ती कुणी अंथरली ते तो विचारत नाही.

चौदावर एक कवड्या. शेपटी अजून हलते.
‘मृत’ लिहायला मी शेपटी थांबायची वाट पाहते,
तेवढ्यात मागून खनिजाचा ट्रक येतो
आणि प्रश्न मिटतो.

पंधरावर घोरपड.
चाकांनी ताणून रस्त्याला मढवलेली.
आमचे बाबुसोमामा पूर्वी घुमटांना हेच कातडं मढवायचे,
मातीच्या तोंडावर, ओलं असताना, दोरी आवळत.
आता बकरीचं लावतात. आवाज बसका येतो म्हणतात,
पण बंदी आली ते बरंच झालं, असंही म्हणतात.
रोज सकाळी चहा ओतताना विचारतात, काल किती?
मी आकडा सांगते. ते बोटांनी बशीवर
एक ठेका धरतात, आणि मध्येच सोडून देतात.

रस्ता सात मीटरचा होता तेव्हा
माटाची फांदी पलीकडच्या किंदळाला टेकायची.
चापडे वरच्या वर जात-येत,
खाली कुणाला पत्ता नसे.
आता बावीस मीटर आभाळ आहे मध्ये.

पहिल्या वर्षी व्हाळाच्या दोन्ही काठांना
हिरवे होते, पिवळट होते, तपकिरी होते,
एकदा एकाच वेलीवर तिन्ही रंग.
जॉयसीबाई म्हणाल्या, ही सगळी एकच जात,
लग्नाच्या साड्या फक्त वेगवेगळ्या.

हे सहावं वर्ष.
रस्ता, रेल्वे आणि एका कुळागराचं कुंपण
यांच्या मध्ये राहिलेल्या पश्चिमेकडच्या तुकड्यात
आम्ही एकवीस चापडे मोजले.
डोक्यावरच्या खवल्यांवरून प्रत्येकाला ओळखते मी.
एकवीसही तपकिरी.
आषाढात सहाव्या नंबरच्या मादीला पाच पिल्लं झाली,
काडेपेटीतल्या काड्यांएवढी,
त्यातल्या एकाचा कणा मधोमध वाकडा होता.
बाई बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, घरातल्या घरात सोयरिकी चालल्यात.
हसलं कुणीच नाही.

आज सतरावर, पूर्वेच्या कडेला, तो दिसला.
हिरवा. नर. तोंड पश्चिमेकडे.
हात लावायचा नाही हा नियम माझ्याच अक्षरात
वहीच्या पहिल्या पानावर आहे.
कामिलने काही न विचारता गाडी आडवी घातली,
चारही दिवे लुकलुकत ठेवले.
मागे एक ट्रक, मग दुसरा, मग फोंड्याची शेवटची बस.
कुणीतरी आईवरून शिवी दिली.
कामिल ओरडला, जनावर आहे, पात्रांव, जनावर आहे!
बसमधली एक बाई खिडकीतून वाकून बघू लागली,
तिच्या मांडीवर झोपलेलं पोर होतं.

त्याने पांढरी रेघ जिभेने चाचपली.
वीतभर पुढे आला.
अकरा मिनिटं तिथेच.
मी घड्याळ बघत होते, कारण तोही एक रकाना आहे.
मग त्याने डोकं वळवलं
आणि मागचं अंग पुढच्या अंगामागून
आलं होतं त्याच वाटेने गवतात ओढून नेलं.

ट्रक गेले. बस गेली.
मी लिहिलं: सतरा, बारा वाजून चाळीस,
मलबारी चापडा, नर, हिरवा, जिवंत.
‘परत गेला’ याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
कामिलने टॉर्च धरला तोवर.

पलीकडे एकवीस तपकिरी फांद्यांवर असतील.
वाट बघणं त्यांना येत नाही.
बेडूक येईपर्यंत
ते नुसते बसून असतात.